गणिताची पदवी आणि व्यवसायाची ओढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणित मनापासून आवडते, पण उद्योग-व्यवसायातही तितकाच रस आहे, अशा विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या पालकांकडून 12वीच्या सुमारास जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या संस्थेची चालू वर्षाची माहितीपुस्तिका अवश्य वाचावी.

1. उपयोजित गणित म्हणजे नेमके काय? ते वेगळे गणित असते का?

गणित तेच असते. प्रश्न कोठून येतो आणि उत्तर कोणाच्या उपयोगी पडायचे आहे, यात फरक असतो. शुद्ध गणितात प्रश्न बहुधा गणितातूनच उद्भवतो आणि सिद्धतेपाशी पूर्ण होतो. उपयोजित गणितात प्रश्न कारखान्यातून, बँकेतून, रुग्णालयातून किंवा शेतातून येतो. त्याला गणिती रूप द्यावे लागते, त्यासाठी काही गृहीतके धरावी लागतात, गणित सोडवावे लागते आणि मिळालेले उत्तर मूळ परिस्थितीत टिकते की नाही हे तपासावे लागते. या टप्प्यांपैकी समीकरण सोडवण्याचा टप्पा बहुतेक वेळा सर्वांत सोपा असतो. खरे कौशल्य पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात असते, आणि व्यवसायात रस असलेल्या विद्यार्थ्याला नेमका तेथेच वाव मिळतो.

2. हिशेब तर वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही करतात. मग व्यवसायात पदवीच्या पातळीचे गणित खरोखर कोठे लागते?

जे घडले त्याची नोंद हिशेबात असते. पुढे काय करावे हे ठरवताना हे गणित लागते. एक लहान उदाहरण पूर्ण पाहू.

एका लघुउद्योगात दोन प्रकारचे सुटे भाग तयार होतात. पहिल्या प्रकारच्या एका नगाला मशीनचे 2 तास आणि कामगाराचा 1 तास लागतो, तर दुसऱ्याला मशीनचा 1 तास आणि कामगाराचा 1 तास लागतो. नगामागे नफा अनुक्रमे 300 आणि 200 रुपये आहे. आठवड्याला मशीनचे 100 तास आणि कामगारांचे 80 तास उपलब्ध आहेत. ज्यात नफा जास्त तोच माल बनवावा, असे ठरवले तर पहिल्या प्रकारचे 50 नग होतात, मशीनचे तास संपतात आणि नफा 15,000 रुपये होतो. फक्त दुसरा प्रकार बनवला तर 80 नगांवर 16,000 रुपये मिळतात. लिनिअर प्रोग्रॅमिंगचे उत्तर मात्र 20 आणि 60 नग असे येते आणि नफा 18,000 रुपयांवर जातो.

येथवरचे गणित 12वीतही असते. पदवीच्या अभ्यासात याच प्रश्नाची दुसरी बाजू समजते, जिला ड्युअल म्हणतात. मशीनचा एक तास वाढवून मिळाला तर उत्तर 21 आणि 59 नग असे बदलते आणि नफा 18,100 होतो. म्हणजे मशीनच्या जादा तासाची या उद्योगाला किंमत 100 रुपये आहे. त्याहून कमी खर्चात जादा तास मिळत असेल तर घ्यावा, अन्यथा सोडून द्यावा. ही किंमत मशीनचे तास 160 होईपर्यंतच लागू राहते. त्यापुढे कामगारांचे तास अपुरे पडतात आणि मशीनच्या जादा तासाला काहीच किंमत उरत नाही. नवे मशीन घ्यावे की माणसे वाढवावीत, हा मालकाच्या मनातला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या ड्युअलमध्ये असते.

प्रत्यक्षात दोनऐवजी हजारो चल असतात. अशा प्रश्नांसाठी जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये सिंप्लेक्स पद्धत मांडली. 1984 मध्ये आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये असताना अगदी वेगळ्या वाटेने जाणारी पद्धत शोधली. सिंप्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या बहुतलाच्या (अनेक सपाट बाजू असलेल्या आकृतीच्या) कडांवरून चालते, तर करमरकरांची पद्धत त्याच्या आतून वाट काढते. हे नाव आपल्याकडे आणखी कितीतरी अधिक घेतले जायला हवे.

याखेरीज विम्याचा हप्ता ठरवताना संभाव्यता लागते, कर्ज बुडण्याची शक्यता अजमावताना संख्याशास्त्र लागते, टोलनाक्यावर किंवा कॉल सेंटरमध्ये किती खिडक्या उघड्या ठेवाव्यात हे रांगांच्या सिद्धांतावरून ठरते आणि ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काची, किंमत काढताना आंशिक अवकल समीकरणे लागतात. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही प्रमुख शेअर बाजार आणि आयुर्विमा महामंडळ या सर्वांची मुख्यालये मुंबईत असल्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ही कामे जवळून पाहण्याची संधी तुलनेने सहज मिळू शकते.

3. मग बी.कॉम. किंवा बीबीए करून सोबत थोडे गणित का शिकू नये?

लेखाकर्म, करप्रणाली किंवा कंपनी कायदा यांतच रस असेल तर बी.कॉम. हीच योग्य पदवी आहे आणि तिला कमी लेखण्याचे काहीही कारण नाही. मात्र रस दोन्हींत असेल आणि निवड खरोखरच खुली असेल, तर गणित मुख्य विषय ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ताळेबंद वाचणे, विपणनाची तत्त्वे समजून घेणे, व्यवसायाची भाषा आत्मसात करणे हे सर्व नोकरीत किंवा पुढील शिक्षणात शिकता येते आणि असंख्य लोक ते तसेच शिकतात. रेषीय बीजगणित किंवा संभाव्यतेचा सिद्धांत पंचविशीनंतर नोकरी सांभाळून एकट्याने शिकणारे फार थोडे आढळतात. या विषयांना शिक्षक, सहाध्यायी, गृहपाठ आणि सलग दोन-तीन वर्षांचा निवांत वेळ लागतो. पदवीची वर्षे तो वेळ देतात.

4. पदवीत कोणते विषय चुकवू नयेत?

कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्रीय अनुमान, अवकल समीकरणे, संख्यात्मक पद्धती आणि ऑपरेशन्स रिसर्च (मर्यादित साधनांचा उत्तम वापर ठरवण्याचे गणित). यांतही प्राधान्य द्यायचे झाले तर रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांना द्यावे, कारण विदा-विज्ञान, अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्र), जोखीम-व्यवस्थापन या सर्व वाटा त्या दोन विषयांतूनच जातात. ‘व्यवसायासाठी गणित’ अशा नावाचा हलका अभ्यासक्रम आणि रेषीय बीजगणिताचा पूर्ण अभ्यासक्रम यांत निवड करण्याची वेळ आली, तर नावाला न भुलता दुसरा निवडावा. रिअल अ‍ॅनालिसिसविषयी प्रश्न 9 पाहावा.

5. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आले आहेत. गणित मेजर घेतल्यावर मायनर कोणता घ्यावा?

महाराष्ट्रात हा आराखडा स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. त्यात व्यवसायाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याच्या सोयीच्या तीन जागा आहेत. पहिली जागा मायनरची, म्हणजे मुख्य विषयासोबतच्या (मेजरसोबतच्या) दुय्यम विषयाची. महाविद्यालयात उपलब्ध असेल तर माझी पहिली पसंती संख्याशास्त्राला आणि दुसरी अर्थशास्त्राला आहे. संख्याशास्त्र निवडल्याने काही परीक्षांची पात्रताही मिळते, त्याविषयी प्रश्न 15 पाहावा. दुसरी जागा ओपन इलेक्टिव्हची. हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, त्यामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लेखाकर्म, वित्त किंवा व्यवस्थापनाची ओळख येथे करून घेता येते. तिसरी जागा फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांची आहे. बहुतेक विद्यार्थी ती केवळ श्रेयांक भरण्यासाठी वापरतात, आणि ही मोठी हानी आहे. तिचा चांगला उपयोग कसा करावा, हे प्रश्न 13 मध्ये सांगितले आहे.

6. मी 12वी वाणिज्य शाखेतून करत आहे, गणित घेतले आहे. मला गणिताच्या पदवीला प्रवेश मिळेल का?

काही ठिकाणी मिळेल, सर्वत्र नाही. राज्यातील अनेक महाविद्यालयांत बी.एस्सी.साठी 12वी विज्ञान शाखा ही अट असते, म्हणून आधी ती तपासावी. काही महाविद्यालयांत बी.ए.लाही गणित हा विषय घेता येतो. राज्याबाहेर पाहायचे झाल्यास भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. या अभ्यासक्रमांसाठी 12वीत गणित आणि इंग्रजी असणे ही अट आहे, शाखेची नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी स्वतःला मागे समजू नये. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेतील गणितात वार्षिकी, समाश्रयण, कालश्रेणी, निर्देशांक आणि असाइनमेंट प्रॉब्लेम हे घटक आहेत, आणि ते व्यवसायातील गणिताच्या अगदी जवळचे आहेत. कलनाचा सराव मात्र तुलनेने कमी झालेला असतो. सुट्टीत विज्ञान शाखेचे 12वीचे गणिताचे पुस्तक घेऊन ती उणीव भरून काढावी.

7. कोणत्या संस्थांचा विचार करावा?

बी.स्टॅट. कोलकात्याला आणि बी.मॅथ. बेंगळुरूला शिकवले जाते. भारतीय सांख्यिकी संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये स्थापन केली आणि तिची प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते. त्या परीक्षेत पाठांतराचा उपयोग होत नाही, कारण काही प्रश्नांची उत्तरे पूर्ण युक्तिवादासह लिहावी लागतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि संगणकशास्त्र एकत्र शिकता येते. आयआयटी मुंबईत गणिताचा चार वर्षांचा बी.एस. अभ्यासक्रम आहे, तर आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) पुणे येथे बीएस-एमएस करताना गणिताकडे वळता येते. अर्थशास्त्राकडे कल अधिक असेल तर 1930 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधील अर्थशास्त्राची बी.एस्सी. पाहावी.

या संस्थांत प्रवेश मिळाला नाही म्हणून वाट बंद होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्र हे दोन्ही विभाग चांगले चालत असतील, शिक्षक वर्गाबाहेरही वेळ देत असतील आणि ग्रंथालयात पुस्तके हाताळायला मिळत असतील, तर पाया तेथेही भक्कम होतो. प्रवेश घेण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे.

8. प्रोग्रॅमिंग किती यायला हवे?

पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा नीट यायला हवी, विदासंचातून हवी ती माहिती काढण्यापुरते एसक्यूएल यायला हवे आणि एक्सेलवर हात सराईत हवा. लघुउद्योगांत आजही बहुतेक निर्णय एक्सेलच्या तक्त्यावर होतात, त्यामुळे त्याला कमी समजू नये. प्रत्येक सत्रात शिकलेली एक पद्धत स्वतः लिहून पाहणे ही उत्तम सवय आहे. समीकरणाचे मूळ काढणारी न्यूटन-रॅफसन किंवा सिंप्लेक्स स्वतः लिहिल्यावर ती पद्धत कोठे अडखळते हे कळते आणि तयार सॉफ्टवेअरच्या उत्तराकडे डोळसपणे पाहता येते.

9. रिअल अ‍ॅनालिसिसचा व्यवसायाला काय उपयोग? तो गाळता येईल का?

गणित मेजर असेल तर तो बहुधा अनिवार्य असतो, आणि पर्याय असला तरी गाळू नये. आपण ज्या राशीबद्दल बोलत आहोत ती अस्तित्वात तरी आहे का, हे विचारण्याची शिस्त या विषयातून येते. संभाव्यतेतील कॉशीच्या वितरणाला सरासरीच नसते. त्यातून कितीही नमुने घेतले तरी त्यांची सरासरी एका जागी स्थिरावत नाही, कारण अधूनमधून येणारे एखादे प्रचंड मूल्य सर्व गणित उलटवते. मोठ्या आपत्तींच्या विमादाव्यांतही काही वेळा असेच वर्तन दिसते. ज्याने अभिसरणाचा अभ्यास केला आहे, तो गेल्या दहा वर्षांची सरासरी पाहून निश्चिंत होत नाही.

10. गणितावर विसंबून व्यवसायात मोठी फसगत झाल्याची उदाहरणे आहेत. मग विश्वास कसा ठेवावा?

ही उदाहरणे खरी आहेत आणि ती अभ्यासायलाच हवीत. ऑप्शनच्या किमतीच्या सिद्धांतासाठी मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना 1997 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते दोघे भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड 1998 मध्ये रशियाच्या कर्जसंकटानंतर कोसळला आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने 14 वित्तसंस्थांनी सुमारे 3.6 अब्ज डॉलर घालून तो सावरला. एरवी एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या बाजारांतील किमती घबराटीच्या काळात एकाच दिशेने धावल्या, आणि उसन्या पैशाचे प्रमाण अवाढव्य असल्यामुळे तोटा सोसण्यास वेळच मिळाला नाही. गृहीतके उत्तराइतक्याच ठळकपणे लिहावीत, आणि प्रत्येक गृहीतक मोडले तर किती नुकसान होईल हे आधी काढावे, हा त्यावरचा उपाय आहे. तो गणितानेच करायचा असतो.

11. अ‍ॅक्चुअरी व्हायचे असेल तर पदवी गणिताचीच हवी का? सुरुवात केव्हा करावी?

अ‍ॅक्चुअरी म्हणजे विमा आणि पेन्शन यांतील जोखमीचे गणित करणारा तज्ज्ञ. पदवी गणिताचीच असावी असे बंधन नाही, पण गणित किंवा संख्याशास्त्र असल्यास अभ्यासाचा मोठा भाग सामाईक असतो. या व्यवसायाचे नियमन 2006 च्या अ‍ॅक्चुअरीज कायद्याखाली इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया ही संस्था करते. तिची एसीईटी ही प्रवेश परीक्षा 12वीनंतर देता येते. त्यानंतर सीएस1 हा संख्याशास्त्राचा आणि सीएम1 हा वार्षिकी, मृत्युदर सारण्या व हप्त्यांच्या गणिताचा पेपर पदवीच्या काळात देणे शक्य असते. सर्व पेपर पूर्ण करून फेलो (पूर्ण पात्र सदस्य) होण्यास मात्र कित्येक वर्षे लागतात आणि ती नोकरी करतच द्यावी लागतात. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत एखादा पेपर देऊन पाहावा आणि रस टिकतो की नाही हे तपासावे. कॉलेजच्या संभाव्यतेच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करून थेट क्लास लावणे हितकारक नाही.

12. पुढे एमबीए किंवा सीए करायचे आहे. गणिताच्या पदवीचा फायदा होतो की तोटा?

कॅट परीक्षेतील गणित शालेय पातळीचे असते, त्यामुळे तेथे पदवीच्या ज्ञानापेक्षा वेगाचा कस लागतो. भाषेचा विभागही तितकाच निर्णायक असतो आणि गणिताचे विद्यार्थी नेमके तेथे कमी पडतात, म्हणून पहिल्या वर्षापासून इंग्रजी वाचन वाढवावे. काही आयआयएममध्ये अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना शैक्षणिक विविधतेपोटी थोडे अधिक गुण दिले जातात, हा फायदा आहे. गणित आणि व्यवसाय दोन्ही सोडायचे नसतील तर आयआयएम कलकत्ता, भारतीय सांख्यिकी संस्था आणि आयआयटी खरगपूर यांचा बिझनेस अ‍ॅनालिटिक्समधील संयुक्त पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम जरूर पाहावा.

सीएसाठी वाणिज्येतर पदवीधराला 60 टक्के गुण असल्यास फाउंडेशन परीक्षा न देता इंटरमीजिएटला नोंदणी करता येते. लेखाकर्म मात्र मुळापासून शिकावे लागते.

13. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी मोठी कंपनी मिळत नाही. गावातल्या दुकानात किंवा कारखान्यात गणिताचा प्रकल्प होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि अनेकदा अधिक चांगला होतो, कारण तेथे निर्णय घेणारी व्यक्ती समोर असते. साठ्याचा प्रश्न घेऊन सुरुवात करावी. एखाद्या मालाची वार्षिक विक्री 3,600 नग आहे, प्रत्येक वेळी माल मागवताना वाहतूक व इतर खर्च 500 रुपये येतो आणि एक नग वर्षभर साठवण्याचा खर्च 40 रुपये आहे असे समजा. एका वेळी किती माल मागवावा हे सांगणारे प्रसिद्ध वर्गमूळ-सूत्र 300 नग हे उत्तर देते आणि वार्षिक खर्च 12,000 रुपये येतो. आता दुकानदार म्हणाला, की टेम्पो 400 नगांचा भरतो, तर खर्च किती वाढेल? तो 12,500 होतो. एका वेळी मागवलेला माल एक तृतीयांशाने वाढूनही खर्च केवळ 4 टक्क्यांच्या आसपास वाढला, म्हणजे टेम्पो भरून आणण्यात दुकानदाराचे फारसे बिघडत नाही.

या प्रकल्पातील सर्वांत अवघड भाग सूत्राचा नसतो. साठवणुकीचा खर्च 40 रुपयेच का, हे ठरवण्यासाठी गोदामाचे भाडे, अडकलेल्या भांडवलाचे व्याज आणि खराब होणारा माल यांची माहिती मालकाकडून विश्वासाने मिळवावी लागते. अहवालात ही प्रक्रिया सविस्तर लिहावी. मुलाखतीत तिच्याबद्दलच विचारले जाते.

14. तीन वर्षांनी थांबावे की चौथे वर्ष करावे?

नोकरी, एमबीए किंवा सीए हे ठरलेले असेल तर तीन वर्षे पुरेशी आहेत. संशोधन, परदेशातील पदव्युत्तर शिक्षण किंवा गणिती वित्ताचे सखोल काम करायचे असेल तर चौथे वर्ष करावे. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षात पूर्ण करण्याची तरतूद आहे, त्यामुळे ते वर्ष वाया जात नाही. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुणांची अट असते, हे पहिल्या वर्षीच लक्षात ठेवावे.

15. गणिताची पदवी घेतली तर केंद्र सरकारच्या सांख्यिकी किंवा आर्थिक सेवेची परीक्षा आपोआप देता येते ना?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीत संख्याशास्त्र, गणिती संख्याशास्त्र किंवा उपयोजित संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, किंवा त्यातील पदव्युत्तर पदवी असावी लागते. केवळ गणित घेऊन पदवी मिळवलेला विद्यार्थी संभाव्यतेत कितीही निपुण असला तरी अपात्र ठरू शकतो. भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतील पदव्युत्तर पदवीच लागते. म्हणून या सेवांचा विचार मनात असेल तर प्रश्न 5 मधील मायनरची निवड त्या दृष्टीने करावी आणि गुणपत्रिकेवर विषयाचे नाव संख्याशास्त्र असेच छापून येते की नाही, हे महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात दुसऱ्या सत्राच्या आधी विचारून घ्यावे.